केरीचा गंगाराम

यशोदेला विचारायचं होतं ते एवढंसंच. सून भक्ती इंग्लंडात, तिचे दिवस भरत आलेले, तिला आई नाही. तर बाळंतपणाला सासू-सासऱ्यांनी जायचं कसं? व्हिसा कुठला, कागद कुठले, किती महिने राहू देतात? पण रेडीत एवढं सरळ कुणी सांगेल तर शपथ! बोटीवर नोकरी करून आलेला बाबली म्हणाला, विमानतळावरच शिक्का मारतात, काय एक भिऊ नका. म्हापशाच्या ज्या एजंटाने तिच्या मुलाला, सुशांतला, पोर्तुगीज पासपोर्ट काढून दिला होता, तो आता फोनच उचलत नव्हता. वेंगुर्ल्याच्या कोर्टाबाहेर काळ्या कोटांची काय कमी? पण सगळे जमिनीच्या वाटण्या लढवणारे. एकाने तर सगळं ऐकून घेऊन तिलाच विचारलं, "इंग्लंडात जमीन आहे का तुमची?"

शेवटी कोर्टातल्या मोफत सल्ला केंद्रातल्या बाईंनी कुडाळच्या नम्रता वकिलांचं नाव दिलं. पोरगी तरणी, मुंबईत हीच कामं करून आलेली. यशोदा आणि तिचा नवरा गंगाराम तिच्या माडीवरच्या खोलीत जाऊन बसले तेव्हा यशोदेने कोकमं आणि लाडवांच्या पिठाची यादीसुद्धा मनात केली होती.

"काका, मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर गेला ना?" नम्रताने विचारलं. "तो त्याला मिळाला कुणामुळे?"

"माझ्यामुळे!" गंगारामने छाती पुढे काढली. आयुष्यभर काजू आणि भात केलेल्या माणसाला एवढ्या एका गोष्टीचा भारी अभिमान. "माझी आवस केरीची. तेरेखोलची खाडी ओलांडली की केरी. तेव्हा थंय पोर्तुगीजांचा राज्य. तेंच्या राज्यात जल्मल्याक आणि तेच्या पोरांक तेंचो पासपोर्ट गावता. आणि पयला बाळंतपण माहेराक, ह्या तर तुका माहीत आसाच. मी थोरलो. म्हणजे मी थंयच जल्मलंय, नाय काय? सुशांतान पेडण्यात नोंद शोधून काढल्यान, गंगाराम म्हणान नावासकट! मगे आधी माझा नाव लिस्बनाक गेला आणि मगे तेचा."

"म्हणजे आधी तुम्ही पोर्तुगीज झालात."

"मी? नाय गो बाय. ता नुसता कागदार. पोरासाठी."

"तुमच्या नावाचं कार्ड आलं का तिकडून? बोटांचे ठसे वगैरे दिलेत?"

"पणजेक जावन दिलंय मा! ह्या बघ." आणि शहाण्याने पाकिटातून ते कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. रेशनकार्ड दाखवावं तसं.

नम्रताने ते हातात घेतलं, मागेपुढे पाहिलं आणि हळूच टेबलावर ठेवलं. मग तिने जे सांगितलं ते ऐकून यशोदेला वाटलं, ही पोरगी आपली थट्टाच करतेय. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की आपलं आपोआप जातं. कुणी पत्र पाठवत नाही, कुणी दारावर येत नाही, ते जातं. "काका, हे कार्ड तुम्ही सही करून घेतलंत. कायद्याच्या हिशेबाने तुम्ही आता भारतीय राहिलेला नाहीत."

गंगाराम आधी हसला. मग यशोदेकडे बघून हसला. ती हसत नाही हे पाहिल्यावर त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"काय बोलतंस गो तू? मी रेडीचो! मी गेल्या निवडणुकीत मत दिलंय!"

"ते बाहेर कुणाला सांगू नका."

"आणि माझा घर? माझे काजी?"

"घर, बाग तुमचीच. वाडवडिलांची जमीन जात नाही. पण मत नाही, नवी शेतजमीन घेता येणार नाही, आणि इथे राहायला परदेशी माणसासारखा परवाना लागेल. तुमचा भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल, दंड भरावा लागेल. हे निस्तरेपर्यंत विमानात पाऊल टाकू नका. काकी मात्र जाऊ शकतात. त्या भारतीय आहेत, साधा भेटीचा व्हिसा मिळेल."

यशोदेला हे पटेचना. ज्याच्याशी लग्न केलं, ज्याच्या धोतराला नीळ घालण्यात जन्म गेला, तो माणूस परका? आणि ती तेवढी इथली? शिरा पडो त्या एजंटाच्या तोंडार! सुशांतला हे माहीत होतं का? असेलही. नसेलही. विचारायची तिची छाती झाली नाही.

गंगारामने हात जोडले. पोरीच्या वयाच्या वकिलीणबाईपुढे सत्तरीला टेकलेल्या माणसाने हात जोडावेत, हे यशोदेला बघवेना. "माका परत आणा," तो म्हणाला. "कसाय करा. मी हंयच वाढलंय, हंयच मरतलंय. परदेशी म्हणान माका जाळू नकात."

"काका, रडू नका हो." नम्रताचा ऑफिसातला आवाजही जरा हलला. "नव्याने अर्ज करता येतो, पण त्यात वर्षं जातात. जवळचा रस्ता एकच. ती मूळ नोंदच तुमची नसेल तर. म्हणजे त्या नोंदीतलं मूल दुसरंच कुणी असेल, तर तुम्ही पोर्तुगीज कधी झालाच नाहीत, चुकून झालं, असं मांडता येईल." तिने नोंदीची प्रत ओढली. "यात केरी, सन त्रेपन्न लिहिलंय. तुमच्या शाळेच्या दाखल्यात छप्पन्न आहे."

"ती मास्तरान घातलेली तारीख! आमच्या अख्ख्या शाळेचो जल्म एक जूनाक," गंगाराम म्हणाला.

"हो, तसंच प्रतिज्ञापत्र केलंय तुम्ही. पण ऐका, नोंद चुकीची ठरली तर सुशांतच्या पासपोर्टलाही आधार उरत नाही. त्याची नोकरी, तिथलं राहणं, बाळाचे कागद, सगळंच धोक्यात. म्हणून नीट आठवून सांगा. ही नोंद तुमचीच ना?"

"माझी नाय तर कोणाची? मीच तो."

यशोदा मात्र त्या सालापाशी अडली. त्रेपन्न! धाकट्या लेकीच्या वेळी सासू तिच्या उशाशी बसून बोलली होती ते तिला लख्ख आठवलं. पयलो झील माहेराक झालो, गो. महिन्याभरात गेलो. दुसऱ्या वेळाक सरकारान गोव्याची वाट बंद केल्यान, म्हणान ह्यो हंयच झालो, ह्याच खोलीत. पयल्याचाच नाव तेका ठेवलंय.

सुशांत कागद जमवत होता तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. थोरला म्हणजे माहेरी जन्मलेला, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. आता शब्द तिच्या जिभेवर आले आणि भक्तीचं पोट डोळ्यांपुढे आलं. तिने पदर सावरला आणि ती उठली. नमस्कार करून दोघं खाली उतरली.

रस्त्यावर आल्यावर मात्र तिला राहवेना. गंगाराम खांबाला धरून उभा होता, पार खचून. एका माणसाचा देश आपण पदरात गुंडाळून चाललोय, असं काहीतरी तिला झालं. तिने सगळं सांगून टाकलं. सासूचं बोलणं, बंद झालेली वाट, तेच नाव.

तो पायरीवरच बसला. "म्हणजे तो केरीचो गंगाराम..."

"तो गेलो ओ. तुमी रेडीचेच. जल्मापासून रेडीचेच. वर चला, सांगूया तिका. नायतर..."

गंगारामने वर माडीकडे पाहिलं. नम्रता गॅलरीत आली होती. ही दोघं अजून इथेच बघून तिने हाक मारली, "काका, काही राहिलं का विचारायचं?"

गंगाराम गुडघ्यांवर हात देऊन उठला.

"नाय गो बाय, कायएक नाय!" तो मोठ्याने म्हणाला. "हिका एकटीक विमानात बसाक भियां वाटता, ता समजावतंय. तू माझ्या त्या परदेशी परवान्याचे कागद तयार कर."