अव्वाच्या बाजूची घरं

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी दमलोय. माणसं बसून बसून माझी पाठ गुळगुळीत झाली. चार पिढ्यांचं ओझं सोसलं, त्याचं मला काही वाटत नाही. मला दमवलं ते गेल्या वर्षानं. वर्षभर माझ्यावर कुणी बसलंच नाही.

पण असं मधूनच सांगून कसं चालेल? पहिल्यापासून सांगतो.

अक्कलकोटच्या एका सुतारानं मला घडवलं. नागम्माच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी मला करून घेतलं होतं. तिच्याबरोबरच मी सोलापुरात, बाळीवेशीतल्या तिच्या सासरी आलो. नवरीचा पाट म्हणून माझा काय तो मान! सणासुदीला भोवती रांगोळी, एरवी भिंतीला टेकून उभा. मला वाटलं, आयुष्य असंच शहाण्यासारखं जाणार.

कसलं काय! पहिल्याच उन्हाळ्यात नागम्माला दुपार खायला उठली. सोलापूरचं ऊन ते, बाहेर चिटपाखरू नाही. तिनं मला पालथं घातलं, चुलीत सळई तापवली आणि माझ्या पोटावर चर्रकन रेघा ओढल्या. आडव्या, उभ्या, अशी पंचवीस घरं. चौकाबाऱ्याचा पट झाला तयार. दुखलं का? दुखलं की! तिची सासू तर ओरडलीच, "अगं बया, लगनाचा पाट डागलीस की गं!"

नागम्मा म्हणाली, "अत्ती, बसायला वरची बाजू हाय की. खालची रिकामीच हुती."

आठवडा सरला नाही तोच तीच सासू जेवण उरकून हाक मारायला लागली, "नागम्मा, बा इल्ली, ये हिकडं! कवड्या कुटं ठेवल्यास?"

तुमच्यापैकी कुणी हा खेळ खेळला नसेल तर सांगतो. पटाच्या चार बाजूंना बसायचं, ज्याची त्याची बाजू ठरलेली. कवड्या टाकायच्या, दान पडेल तेवढी घरं सोंगटी पुढं न्यायची, वाटेत दुसऱ्याची सोंगटी सापडली तर मारायची आणि मधलं घर गाठायचं. सोंगट्या म्हणजे काय, फुटक्या बांगड्या, चिंचोके, शेंगांची टरफलं. हाताला लागेल ते.

नागम्माला हसायला कारण लागायचं नाही. ती गल्लीतल्या सगळ्यांच्या चालीच्या नकला करायची. साठी उलटल्यावर गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसली आणि वरून मुलाला ओरडून म्हणाली, "सोमशेखर, आपलं घर दिसतंय रं, गॅस चालू ऱ्हायलाय!" अव्वाचा, म्हणजे आईचा, शब्द ऐकून बिचारा खरंच घराकडं पळाला.

एकदा घरी अय्या, म्हणजे जंगम स्वामी, पाद्यपूजेला आले. सून दाक्षायणीनं घाईत मला मांडलं आणि सवयीनं पालथंच मांडलं. तिचा तरी काय दोष? त्या घरात मी बहुतेक वेळ पालथाच असायचो. अय्या बघतात तो पुढ्यात पंचवीस घरं आणि कोपऱ्यात एक टरफल. दाक्षायणीच्या तोंडचं पाणी पळालं. नागम्मा पदर सावरत म्हणाली, "अय्या, पूजा हुईपर्यंत एक डाव टाकता का?" अय्यांनी ते टरफल उचलून बघितलं. मग त्यांनाच हसू आवरेना.

असे दिवस होते. मग तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. ती डाव्या हातानं कवड्या टाकायची, त्या थेट कॉटखाली जायच्या. सोमशेखर दिवसभर यंत्रमागावर उभा राहून यायचा आणि गुडघ्यावर बसून कवड्या गोळा करायचा. ती थकली, तोही थकला, पण डाव काही मोडला नाही. एका सकाळी ती उठलीच नाही.

त्यानंतर माझ्यावर तिचा फोटो आला. रोज हार, रोज निरांजन. पाठीवर तेल सांडायचं, तेलाला मुंग्या यायच्या. नात दानेश्वरी कवड्या मुठीत घेऊन यायची आणि दाक्षायणी तिला माघारी पाठवायची, "आज्जीचा फोटू हाय तितं. खेळायची जागा न्हाई ती." सोमशेखर तर वर्षभरात एकदा हसला नाही. मित्रांनो, फोटोचं वजन ते किती! पण माणसांपेक्षा जड वाटायचं हो मला.

वर्ष होत आलं. पुण्यस्मरणाच्या शिवगणाराधनेला पाहुणे येणार, म्हणून सोमशेखरनं येडू सुताराला बोलावलं.

"येडू, ह्या पाटाची फळी कर. भिंतीला ठोकून वर अव्वाचा फोटू ठेवायचा."

"आन् खालच्या रेघोट्या ओ, मालक?"

"रंधा मार. पंगतीला खाली बसल्यावर पावण्यांना दिसत्यात. बरं न्हाई वाटत."

दानेश्वरी रडकुंडीला आली. "पप्पा, नको ना! आज्जीनं काढल्यात त्या!"

"आज्जीच्या मानाचंच करतोय की मी, बाळा."

आणि तो खरंच मानाचंच करत होता, म्हणून मला राग तरी कुणावर काढता येईना. येडूनं माझ्या खालच्या पट्ट्या उपटल्या. रंधा पोटावरून फिरला. एका कडेची सगळी घरं भुसा होऊन खाली पडली.

येडूनं फुंकर मारली आणि सहज विचारलं, "आमच्यात बी हुता ह्यो खेळ. ह्यात तुमच्या अव्वाची बाजू कुटली ओ?"

सोमशेखरनं वाकून भुशाकडं बोट दाखवलं. "आत्ता उडवलीस की, तीच."

येडूनं रंधा खाली ठेवला. सोमशेखर भुशाशेजारीच बसला.

"लई लबाड हुती, येडू," तो म्हणाला. "दान वाकडं पडलं की फुंकर मारून कवडी उलटी करायची. आन् म्हणायची, वारं आलं! दारं बंद, खिडक्या बंद, पंखा बंद, तरी हिचं वारं!"

आणि तो हसला. पोट धरून हसला. हसता हसताच रडायला लागला, आणि ते थांबेना. चहा घेऊन आलेली दाक्षायणी दारातच उभी राहिली. दानेश्वरी कुणाला न विचारता कवड्या घेऊन आली.

येडू ओशाळून म्हणाला, "अव्वाची घरं तर गेली ओ. पेन्सिल हाय, आखून देऊ का?"

सोमशेखरनं डोळे पुसले. "ऱ्हाऊ दे. तिला कवा रेघा लागत हुत्या?"

फोटो खिळ्याला टांगला गेला. माझ्या पट्ट्या परत ठोकल्या गेल्या. मित्रांनो, घरातलं माणूस गेलं की त्याच्या वस्तू जपा, जरूर जपा. पण हार घालून नका जपू. वापरा, झिजवा, त्यांच्यावरून भांडा. मी म्हातारा आहे, आताही दमतोच. काल दानेश्वरीनं डावामागून डाव मांडले, पोट दुखून आलं माझं. अव्वाच्या बाजूला कुणी बसत नाही. तिचं दान मात्र कुणी ना कुणी टाकतंच, तिचं वारंही येतंच, आणि अजून एकदाही ती हरलेली नाही.