सोमेशचं पाचवं अ‍ॅप, मुक्काम डिकी

मी डिकीतून बोलतोय. स्कूटरच्या सीटखाली असते त्या डिकीतून. एका अंगाला ओला रेनकोट, दुसऱ्या अंगाला गाडी पुसायचं फडकं, आणि मधे मी ज्यात राहतो तो सोमेशचा फोन. मी त्यातलं अ‍ॅप. माणसाची रोजची कामं लिहून ठेवायची, वेळेवर आठवण द्यायची आणि काम झालं की शाबासकी द्यायची, एवढीच माझी नोकरी.

माझा जन्म एका थंडगार ऑफिसात झाला. लोकांची कामं वेळेत व्हावीत म्हणून ज्यांनी मला घडवलं, त्यांनी मला सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर जन्माला घातलं. उशिराबद्दल केकही कापला. तेव्हाच मला माणसांचा अंदाज यायला हवा होता.

सोमेशचं मंगळवार पेठेत दोर आणि ताडपत्रीचं दुकान आहे. म्हणजे दुकान त्याच्या वडिलांचं, भीमाप्पांचं. सोमेश त्यात फोन घेऊन बसतो. लग्न झालं तसं त्याच्या मनानं घेतलं की आता आयुष्याला शिस्त पाहिजे. शिस्तीसाठी अ‍ॅप पाहिजे. आणि अ‍ॅप साधंसुधं घेऊन कसं चालेल? म्हणून तो सगळ्यात चांगलं अ‍ॅप कुठलं याचे व्हिडिओ बघायला लागला. गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवायचं. "पावणं, दोर तेवढा मोजून द्या, मग बसा की बघत." सोमेश हातानंच थांबा म्हणायचा. तो शिस्त लावून घेण्यात गुंतलेला असायचा.

माझ्याआधी चार जण येऊन गेले. पहिल्याचा रंग त्याला उदास वाटला. दुसऱ्यात काम झालं की एक झाड वाढायचं आणि राहिलं की वाळायचं. ते झाड आठवड्यात वाळलं, तेव्हा त्याच्या आईनं, रत्नव्वांनी, "कुणाचं रं झाड हे, पाणी कोण घालत न्हाय?" असं विचारलं. तिसरं पैसे मागायला लागलं. चौथं बरं होतं, पण त्याच्या मित्राकडं वेगळं होतं. दर वेळी जुन्यातली कामं नव्यात उतरवायची, त्यांना रंग द्यायचे, गट पाडायचे. त्या दिवशी सोमेश इतका दमायचा की दुसरं काही करायचं त्राण उरायचं नाही.

पाचवा मी. माझ्याकडं जी कामं आली त्यात एक चारही घरं हिंडून आलेलं होतं: 'शांभवीला स्कूटर शिकवणे.'

शांभवी त्याची बायको. माहेर कोडोली. बोलते कमी, बघते जास्त. लग्नानंतर लगेच तिनं स्वतःच शिकाऊ लायसन्स काढलं होतं. ते सहा महिने चालतं. तेवढ्यात गाडी शिकून परीक्षा द्यायची, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. तशी तिला कुठं जायला बंदी नव्हती. हे घर फार मोकळं. फक्त तिला 'सोडायला' कुणीतरी मोकळं व्हावं लागायचं. आईला भेटायला जायचं म्हणून ती साडी नेसून, पिशवी भरून, चपला घालून उंबऱ्याशी उभी राहायची. सोमेश म्हणायचा, "हे एवढं उतरवून घेतो, निघूच." मग ती चपला काढायची. तिच्या चपला एवढ्या काढ-घाल करून झिजल्या असतील, चालून नव्हे.

मी ते काम लाल रंगात ठेवलं होतं. त्याच्या पोटात सोमेशनं बारकी कामं घातली होती: रस्ता निवडणे, हेल्मेट बघणे, कसं शिकवावं याचा व्हिडिओ बघणे. व्हिडिओचं काम ताबडतोब झालं.

आता माझ्या प्रतिस्पर्ध्याबद्दल सांगतो. रत्नव्वांचा पदर. काही लक्षात ठेवायचं असलं की त्या पदराच्या टोकाला गाठ मारतात आणि पदर कमरेला खोचतात. सुनेच्या गाडीची गाठ त्यांनी लायसन्स आलं त्याच दिवशी मारली. रोज सकाळी साडी बदलली की गाठ नव्या पदरात. सोमेश अ‍ॅप बदलतो तसंच म्हणा. पण फरक असा की ती गाठ त्यांना बसता-उठता पोटाला टोचायची.

"आरं सोम्या, शिकीव की तिला. टोचतंय मला," त्या म्हणाल्या.

"अव्वा, अ‍ॅपमध्ये टाकलंय."

"टाकल्यालं भाईर कधी निघतंय?"

सोमेश हसला. मीही हसलो असतो, पण माझ्यात ती सोय पैसे भरल्यावर मिळते.

आता घडलं ते सांगतो. मी रोजची सगळी कामं करणाऱ्याला एक तारा देतो. सोमेशची ताऱ्यांची माळ चांगली लांब झाली होती, कारण त्यानं 'चहा घेणे' हेही काम म्हणून लिहून ठेवलं होतं. एका संध्याकाळी मात्र माळ तुटायची वेळ आली. सगळं हिरवं, एकटं ते लाल काम शिल्लक. त्यानं जरा विचार केला आणि त्यावरही टिक मारली. मी काय करणार? मी टिक बघतो, रस्ता बघत नाही. मी ढोल वाजवला, फुलं उधळली, 'अभिनंदन' म्हणालो.

त्यानं कौतुकानं फोन बायकोपुढं धरला. "बघ. सगळं पूर्ण."

शांभवीनं वाचलं. लसूण सोलत होती, हात पुसले. "म्हणजे मला येते गाडी?"

"अगं, तसं न्हवं. उरलेलं रविवारी करू की."

"उरलेलं काय? पूर्ण लिहिलंय." ती उठली, खिळ्यावरची किल्ली घेतली. सहा महिन्यांतला शेवटचा महिना लागला होता, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. चपला घातल्या.

रत्नव्वा ओसरीत होत्या. "कुठं गं?"

सासूला ती अत्ती म्हणते. "अत्ती, अ‍ॅप म्हणतंय मला गाडी येते. बघते जाऊन खरं काय ते."

रत्नव्वांनी तिच्याकडं बघितलं, मग लेकाकडं. "सोम्या, ऊठ. मागं बस तिच्या. आणि त्यो फोन आदी डिकीत टाक. दोनी हातानं धरून बस, न्हायतर पडशील आणि परत आमालाच उचलाय लागंल."

असा मी डिकीत आलो.

त्या दिवसापासून रोज सकाळी कळंब्याच्या तळ्याकडचा रस्ता. मला दिसत काही नव्हतं, धक्के तेवढे कळायचे. पहिल्यांदा पुष्कळ धक्के होते. सोमेश मागून ओरडायचा, "ब्रेक, ब्रेक, अगं ब्रेक." एकदा गाडी आडवी झाली. तिचं कोपर सोललं, आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं गाडी पुन्हा सुरू केली. हळूहळू सोमेशचं ओरडणं कमी झालं. एक दिवस तो मागं बसून चक्क गाणं गुणगुणत होता. या सगळ्या काळात एकही काम माझ्याकडं लिहिलं गेलं नाही. ताऱ्यांची माळ पहिल्याच दिवशी तुटली. कुणी रडलं नाही.

आज परीक्षा होती. गाडीनं आठाच्या आकाराची वळणं घेतली. मी रेनकोटात तोंड खुपसून धक्क्याची वाट बघत होतो. एकही आला नाही. वरून कुणीतरी कंटाळलेल्या आवाजात म्हणालं, "पाय टेकला न्हाय. पास. पुढचं कोण?"

परत येताना तिनं सोमेशला दुकानावर सोडलं. हो, तिनं त्याला सोडलं. तो उतरला, ऐटीत दोन पावलं गेला आणि फोन डिकीतच विसरला. तिच्या लक्षात आलं की नाही, मला आधी कळलं नाही.

घरासमोर डिकी उघडली. उजेड आला. रत्नव्वा नवी साडी नेसून, पिशवी घेऊन उभ्या. "झालीस न्हवं पास?"

"व्हय, अत्ती."

त्यांनी कमरेचा पदर ओढून काढला. परीक्षेचा दिवस म्हणून आज सकाळी गाठ इतकी आवळून मारली होती की बोटांनी सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. पदराचं ते टोक चुरगळून तसंच ताठ उभं राहिलं. त्यांनी ते हातानं दाबून बघितलं आणि सोडून दिलं.

"चल, आता मला घिऊन चल कोडोलीला. तुझ्या आईला सांगतो, मीच शिकीवलं म्हणून."

शांभवी हसली. पिशवी डिकीत ठेवताना तिनं मला बघितलं. नीट बघितलं. मग पिशवी माझ्यावर ठेवली आणि डिकी बंद केली.

वाटेत माझी वेळ झाली म्हणून मी वाजलो.

"काय वाजतंय गं?"

"काही नाही, अत्ती. तुमच्या लेकाला चहाची आठवण करतंय."

गाडी थांबली नाही. बॅटरी संपत आलीय. संध्याकाळपर्यंत सोमेश सहावं कुठलं घ्यावं हे कुणाला तरी विचारतच असेल, आणि माझी जागा रिकामी होईल. तेव्हा तुमच्यापैकी कुणी चांगलं अ‍ॅप शोधत असेल तर मला घेऊन बघा. रंग भरपूर आहेत, आवाज कमी-जास्त होतो, आणि मुख्य म्हणजे काम राहिलं तरी मी पोटाला टोचत नाही.