माझ्यावरचा पडदा

मी प्रसूतिगृहाच्या भिंतीवरची तसबीर बोलतेय. दिवस भरत आलेली एक बाई खिडकीशी उभी आहे. अंगावर कपडा नाही, एक हात पोटाखाली, मान खाली. माझ्यात आहे ते इतकंच, पण काहींना तेही फार वाटतं.

मला काढलं एका नणंदेनं आणि समोर उभी राहिली तिची भावजय. मागच्या खोलीत, दार लावून.

"वहिनी, थकलीस तर बस गं."

"मी कुठली थकते? तुझं भाचरू लाथा मारतंय." वहिनी हसायची. तिची अट एकच होती : तोंड ओळखू येता कामा नये. म्हणून माझी मान खाली.

प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी मला मागून घेतलं. तिथं मी सुखानं नांदले. बायका माझ्याकडे बघत आणि नकळत आपल्या पोटावरून हात फिरवत.

डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या. मग एक दिवस कुणाचे तरी सासरे तावातावानं व्यवस्थापकांकडे गेले. "लेकीसुना येतात इथं. हे असलं उघडंनागडं कशाला?" व्यवस्थापक भिडस्त माणूस. त्यांनी माझ्यावर पडदा टाकला.

खरी नागडी मी त्या दिवशी झाले. एरवी ढुंकूनही न बघणारे पुरुष आता इकडेतिकडे पाहून पडद्याचं टोक उचलायचे, खुसखुसायचे. माझ्यात काडीचाही फरक पडला नव्हता.

अशातच वहिनी आली, केस पिकलेली. सोबत गरोदर लेक आणि जावई. तिथले दोन तरुण पडद्याखाली डोकावून हसत होते, ते तिनं पाहिलं. ती थेट व्यवस्थापकांकडे गेली.

"पडदा काढा."

"मावशी, तक्रार आलीये. एखाद्या बाईचं असं चित्र..."

वहिनीनं वळून पाहिलं. जावई मागंच उभा होता.

"एखाद्या नाही. माझं आहे ते."

बाकांवरच्या माना वळल्या. जावयानं खाली पाहिलं. लेक मात्र पुढं आली. "आणि पोटात मी?"

"तूच की."

लेकीनं पडदा ओढून काढला, घडी घातली आणि व्यवस्थापकांच्या हातात ठेवली.

"पुन्हा तक्रार आली तर?" ते पुटपुटले.

"मला बोलवा," वहिनी म्हणाली. "हिचं बाळंतपण होईपर्यंत मी आहेच इथं."

आता मी उघडी आहे आणि खुशाल आहे. कुणी अजूनही मान फिरवून बसतं. त्यांचा मला राग नाही. लाज वाटली तर नजर वळवावी, चोरून मात्र बघू नये. कला कुठं संपते आणि अश्लील कुठं सुरू होतं, यावर शहाण्यांनी हवा तेवढा वाद घालावा. मला समोरच्याची नजर सांगते.

काल एक पहिलटकरीण थबकली. माझ्या पोटावरच्या रेघा बघून तिनं नर्सला विचारलं, "या जातात का हो नंतर?"

"फिकट होतात."

ती आणखी जवळ आली.

बघ पोरी, सावकाश बघ. मला कुठं जायचंय?