साडेनऊ मीटर

ऑफिसात त्याला सगळे 'सेंटीमीटर' म्हणत. हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. मुलाखतीत मॅडमनी विचारलं होतं, "उंच इमारतींच्या रस्त्यांवर मोबाइलचं लोकेशन पाच-दहा मीटर चुकतं. तू ते किती कमी करशील?" पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन नुकताच बाहेर पडलेला हा प्राणी म्हणाला, "मीटरची भाषाच कशाला? सेंटीमीटरमध्ये बोलू." मॅडम हसल्या. त्याला वाटलं, खूश झाल्या.

या गोष्टीला सहा महिने झाले. शुक्रवारी दुपारी तीन वाजता रुग्णवाहिका सेवेचे अधिकारी प्रात्यक्षिक बघायला येणार होते. ते जमलं की सेंटीमीटर नोकरीत कायम. फसलं की घरी. आईने शेजारणीला 'कायम झाला' असं आधीच सांगून टाकलं होतं.

काम सांगायला सोपं होतं. उपग्रहाचा सिग्नल यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. पण उंच इमारतींमध्ये सिग्नल काचांवर आपटून वळसा घेऊन येतो आणि फोन फसतो. त्याची युक्ती अशी, की जोरदार सिग्नल ठेवायचे आणि क्षीण फेकून द्यायचे. जो मोठ्याने बोलतो तो खरंच बोलत असणार, असा त्याचा विश्वास होता. स्वतःवरून आला असावा.

चाचणीसाठी त्याने एका शिंप्याच्या दुकानापुढे फुटपाथवर पिवळी फुली मारली. फुलीची खरी जागा यंत्राने मोजून द्यायला सर्व्हेअरकाका येणार होते, पण ते तीन आठवडे दुसऱ्या कामात अडकले. याला कुठला दम धरवतोय! फुलीवर फोन ठेवून तो चार दिवस स्टूल टाकून बसला, आपल्याच युक्तीने हजारो मापं घेतली, सरासरी काढली आणि वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: 'खरी जागा'. पाचव्या दिवशी त्याच फोनने, त्याच युक्तीने तीच फुली पुन्हा मोजली आणि 'खऱ्या जागे'शी ताडून पाहिली. चूक निघाली एकतीस सेंटीमीटर. त्याने शिंप्याला चहा पाजला. मॅडमनी अधिकाऱ्यांना तारीख दिली.

शुक्रवारी सकाळी काका तिपाई खांद्यावर टाकून हजर झाले. यंत्र फुलीवर बरोबर उभं केलं, तासभर काहीबाही पुटपुटले आणि आकडे लिहून दिले. त्याने ते वहीतल्या आकड्यांशी जुळवून पाहिले. मग पुन्हा पाहिले.

"काका, तुमचं यंत्र बिघडलंय का?"

"माझं?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझी खरी जागा कोणी मोजली होती?"

"मी."

"कशाने?"

"फोनने."

"आणि मग तपासली कशाने?"

त्याने हातातला तोच फोन वर धरून दाखवला.

"वा! म्हणजे पेपर तूच काढलास, तूच सोडवलास आणि तूच तपासलास," काका म्हणाले. "तरी शंभरपैकी शंभर नाहीत तुला. एकतीस सेंटीमीटर हुकलेच की रे!"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. त्याची किती सरकली याचा नेमका आकडा त्याच्या हातात होता: साडेनऊ मीटर. त्याची 'खरी जागा' रस्त्याच्या पलीकडे, चपलांच्या दुकानाच्या शोकेसमध्ये होती. नकाशा उघडून पाहिला असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. पण नकाशे सामान्य माणसं बघतात. हा दशांशचिन्हानंतरचे सात आकडे बघायचा. समोरच्या काचेवरून उलटून येणारे सिग्नलच जोरदार होते. शिंप्याच्या बाजूच्या झाडातून सरळ येणारे बिचारे क्षीण, म्हणून त्याने ते वेचून वेचून फेकले होते.

वहीतले आकडे तसेच ठेवले तर तीन वाजता एकतीस सेंटीमीटर पुन्हा दिसणार होते. काका कोणाला सांगायला जाणारे नव्हते. त्याने ताईला फोन लावला. ती नर्स, घरोघरी जाऊन पेशंट बघायची आणि महिनाभर त्याच्या युक्तीवर चालणारं ॲप वापरत होती.

"ताई, ॲप कसं चाललंय? खरं सांग."

"अरे, मोठ्या रस्त्यांवर ते मला रोज समोरच्या बिल्डिंगच्या दारात नेऊन उभं करतं. मला वाटलं, माझंच काही चुकत असेल. तू एवढा शिकलेला!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! तू म्हणालास, 'ताई, फोन सरळ धर.'"

म्हणाला होता खरा. फुलीशेजारी उभं राहून त्याने डोळ्यांपुढे रुग्णवाहिका आणली. ती चपलांच्या दुकानापुढे थांबली होती, आणि पेशंट रस्त्याच्या अलीकडे शिंप्याच्या वरच्या मजल्यावर होता. तो ऑफिसकडे निघाला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे तू फोनलाच विचारलंस, की फोन खरं बोलतो का?"

"हो, मॅडम."

"आणि तो हो म्हणाला."

"चार दिवस सलग."

मॅडमनी अधिकाऱ्यांना फोन करून प्रात्यक्षिक पुढे ढकललं. कारण देताना त्यांनी 'तांत्रिक अडचण' असा शब्द वापरला आणि तांत्रिक अडचणीकडे रोखून पाहिलं. "सोमवारी यायचं की नाही, ते मी संध्याकाळी कळवते."

तो पुन्हा फुलीपाशी जाऊन स्टुलावर बसला. या वेळी त्याने क्षीण सिग्नल ठेवले आणि काचेकडून येणारे वगळले. दुपारभर मोजलं, काकांच्या आकड्यांशी ताडलं. चूक चार मीटर वीस सेंटीमीटर. त्याने नकाशाही उघडला. ठिपका अजून रस्त्यातच होता, भर रहदारीत, पण निदान अलीकडच्या अर्ध्यात आला होता. असला आकडा कळवायला तोंड नव्हतं, तरी त्याने तो मॅडमना पाठवला.

मॅडमचा उलट प्रश्न आला: "ही चूक कोणाच्या मापाने काढलीस?"

"काकांच्या," त्याने लिहिलं.

शिंपी दुकान आवरायला लागला. मग फोन वाजला.

"तीन महिने आणखी तात्पुरता. सोमवारी ये. येताना काकांना घेऊन ये."

त्याने आईला फोन लावला, शेजारणीला काय सांगायचं ते ठरवायला.