जाते की येते

बँकांतल्या, विमा कंपन्यांतल्या माणसांना मी भावनिक बुद्धिमत्ता शिकवतो. दोन तासांचं सेशन, मध्ये चहा-समोसा. समोरच्याचं ऐकावं कसं, यावर माझ्या चाळीस स्लाइड्स आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला हसायला सोपं जाईल.

शनिवारी सकाळी वैदेही, माझी बायको, फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. "बाबांनी विचारलं, कोण बोलतंय? वैदेही म्हटलं, तर म्हणाले, राँग नंबर."

सासरे गिरगावात एकटे राहतात. वर्षभर त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं, पण पोरीला विसरले नव्हते. दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने बायकोच्या पाठीवर हात ठेवला असता. मी खुर्ची पुढे सरकवली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "मी तुला ऐकतोय. तुला वाईट वाटतंय, असं मला जाणवतंय." स्लाइड नंबर अकरा.

"अरे वा, जाणवतंय?" ती उसळलीच. "मी काय तुझी बॅच आहे? बाप विसरला रे मला!"

"तुझा राग मी स्वीकारतो," मी आणखी मऊ आवाजात म्हणालो. झालं, आगीत तेल! तिने बॅग भरली. मी म्हटलं, "तुला स्पेस हवीय, घे." चपला घालताना ती म्हणाली, "जाते मी." मी समजूतदारपणे मान हलवली आणि स्वतःला दहापैकी नऊ मार्क दिले. एक कापला, कारण मी नम्रताही शिकवतो.

आई ओट्यापाशी बोंबील साफ करत होती. तिला कमी ऐकू येतं आणि कानातलं मशीन ती डब्यात जपून ठेवते.

"झिला, ती 'जाते' म्हणाली."

"हो आई, बाबांकडे गेली."

"गाढवा! 'येते' म्हणूक नाय ती. पंधरा वर्सांत पयल्यांदाच." आईने सुरी खाली ठेवली. "तुझ्या कानात बोळे घातलंस काय रे?"

मी तसाच, घरातल्या टी-शर्टवर, लालबागच्या नाक्यावर पळालो आणि टॅक्सी पकडली.

गिरगावात दार सासऱ्यांनीच उघडलं. "कोण आपण?"

चाळीसपैकी एकही स्लाइड आठवेना. "दीपक. तुमचा जावई."

"असं का? बसा."

वैदेही आत गवार मोडत बसली होती, डोळे सुजलेले. मी अर्धी गवार माझ्यापुढे ओढली. संध्याकाळपर्यंत बाबांनी पाच वेळा विचारलं, कोण आपण? पाच वेळा मी नाव सांगितलं. पाचव्यांदा मला रडूच फुटलं. मी, ट्रेनर माणूस, गवारीत मान घालून हुंदके देत होतो. वैदेहीने तिच्या ओढणीचं टोक माझ्याकडे फेकलं.

"मी राहतेय इथे," निघताना ती एवढंच म्हणाली. किती दिवस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. घाबरून, गोंधळून मी दारात पुटपुटलो, "बरं... जातो."

"जातो नाही म्हणू," बाबा आरामखुर्चीतून, पेपरमधून मान वर न काढता म्हणाले. "येतो म्हणावं."

वैदेही खळखळून हसली आणि हसता हसताच बाबांचा हात धरून रडायला लागली.

"येतो," मी म्हणालो.

"ये," तिने नाक पुसलं. "उद्या सकाळीच ये. बाबांना तुझं नाव परत सांगावं लागेल."