हिरव्या टिकल्या

त्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली, की एकाला भिंतीला पाठ लावावी लागे. अशा ठिकाणी बाग करायची टूम निघाली. टूम चांगली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. या गोष्टीत कुणीच वाईट नाही, आणि तेच तर वाईट आहे.

गल्लीच्या टोकाला, दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या चौकोनात, पंपकाकांची पत्र्याची शेड होती. एकतीस वर्षं ते तिथे सायकली दुरुस्त करत होते. जागा नगरपालिकेची, शेड काकांची, आणि हवा भरायचा पंप सगळ्या गल्लीचा, म्हणून हे नाव. घरी काका आणि काकू दोघंच. काकांचे हात चालत, म्हणून चूल पेटत होती.

नगरपालिकेतून आराखडे काढणारी एक बाई आली. तिने शाळेच्या हॉलमध्ये गल्लीचा भला मोठा नकाशा पसरला आणि म्हणाली, "जागा आम्ही नाही, तुम्ही ठरवायची." चिकटणाऱ्या टिकल्या दोन रंगांच्या होत्या. जी जागा आहे तशीच राहावी तिच्यावर निळी, आणि जिथे बाग व्हावी तिथे हिरवी. निळीचं सांगून झालं, तेवढ्यात कुणीतरी पंक्चर झालेली सायकल घेऊन दारात आलं. काका उठले. गिऱ्हाईक दारात आणि आपण सभेत, हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं. परतले तेव्हा हिरव्या टिकल्या वाटल्या जात होत्या. त्यांनी एक घेतली आणि आपल्या शेडवर अंगठ्याने दाबून बसवली. रंगाचा विचार केलाच नाही. टिकली ती टिकली.

बाग कुठेतरी होणार म्हणजे कुणाची तरी जागा जाणार, एवढं मात्र त्यांना कळत होतं. नकाशा आठवडाभर हॉलमध्ये राहणार होता आणि ज्यांची टिकली राहिली, त्यांनी येऊन लावायची होती. काका कामाला लागले. चेन बसवताना, ब्रेक आवळताना, येईल त्याला एकच सांगत, "मी लावलीय तशीच माझ्या शेडवर लावा हो. विसरू नका."

"नक्की ना काका?" शेजारच्या शिंप्याने विचारलं.

"नक्की म्हणजे? सगळ्यांनी लावलीत तरच माझं काम होईल."

शिंप्याने मान डोलावली. काकांची दुसरीकडे सोय झाली असणार, असं त्याने घरी सांगितलं, आणि घरून ते गल्लीभर झालं. खोदून विचारणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. माणसं सभ्य असली की असे घोटाळे होतात.

निकालाच्या सभेत बाईने आकडे वाचले. शाळेमागच्या जागेवर अठरा, काकांच्या चौकोनात त्र्याऐंशी. "आणि स्वतःची जागा सोडून, त्यासाठी लोकांना गोळा करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला," ती म्हणाली. टाळ्या थांबेनात. काकूंनी काकांकडे पाहिलं. हिरवी म्हणजे बाग, हे काकांना तेव्हा कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

टाळ्या ओसरल्यावर त्यांनी बाईला कोपऱ्यात गाठलं आणि काय झालं ते हळूच सांगितलं. बाईचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, तुमची दुसरी सोय झालीय."

"कुठली हो सोय?"

"गाळ्यांसाठी यादी असते. तुमचं नाव घालते." मग तिने खरं तेही सांगितलं, "पण यादी फार लांब आहे, काका. तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर सांगा. मी पुन्हा मतं घेते. आज कागद वर गेला की माझ्या हातात काही नाही."

काका सांगायला वळले. तिसऱ्या मजल्यावरच्या, दमेकरी मावशींनी त्यांचा हात धरला. आज त्यांना दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं होतं.

"चार वर्षं उतरले नव्हते," मावशी थांबत थांबत म्हणाल्या. "उतरून बसणार कुठे? आता तुमच्यामुळे बसेन."

काकांनी तोंड उघडलं. भीड भिकेची बहीण, हे त्यांनीच काकूंना शंभरदा ऐकवलेलं. "बसा की," ते म्हणाले. "खुशाल बसा."

घरी जाताना काकूंनी विचारलं, "आता?"

"बघू."

"काय बघू?"

काकूंनी पुन्हा विचारलं नाही, आणि ते त्यांना जास्त लागलं.

आठ दिवसांनी सकाळी मोजणीवाला आला, एकटाच. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, तेव्हा त्याने ते काकांच्या हातात दिलं. टेप शेडच्या एका दारातून आत गेली आणि मागच्या फटीतून बाहेर निघाली.

"जरा ताणून धरा, काका. ढिली राहिली तर माप चुकतं."

काकांनी ढिलं काम आयुष्यात केलं नव्हतं. त्यांनी टेप ताणून धरली.