वकिली शिकलेला सदरा

मी एक बारोंग बोलतोय. अननसाच्या पानांच्या धाग्यांचा, छातीवर नाजूक भरतकाम केलेला सदरा. लग्नात मिरवायला जन्मलो, पण मालकाचं पोट सुटलं आणि मी दुमागेते शहरातल्या मोफत कायदा-सल्ला केंद्राच्या कपाटात येऊन पडलो. इथे कायद्याचे विद्यार्थी वकील लुसेरोबाईंच्या देखरेखीखाली गरिबांचे खटले चालवतात. ज्या विद्यार्थ्याकडे कोर्टात घालायला बारोंग नाही, त्याच्या अंगावर मी चढतो. खरं सांगू, लग्नापेक्षा मला हेच आवडतं. इथे निदान वाढपी अंगावर रस्सा सांडत नाहीत.

एकदा इसिंग नावाची म्हातारी आली. शेजारच्या तुरिंगने सामाईक बोळात झुंजीच्या कोंबड्यांचे पिंजरे मांडले होते. त्यामुळे तिच्या नवऱ्याची, बेनीतोची, चाकाची खुर्ची बाहेर निघेना. कित्येक महिने तो घरातच अडकून पडला होता.

"दोंग, मला चार माणसांत बोलता येत नाही रे," ती रोदेल नावाच्या विद्यार्थ्याला म्हणाली. पोराला इथे दोंग म्हणतात.

"नानाय, मी आहे ना," रोदेल तिला आई म्हणून हाक मारत म्हणाला. ही त्याची पहिलीच केस.

बाईंनी बजावलं होतं, शेजाऱ्यांचं भांडण कोर्टाआधी वस्तीच्या कापितानपुढे, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुखापुढे जातं, तेव्हा म्हातारीची तयारी करून घे. पठ्ठ्याने स्वतःच भाषण पाठ केलं आणि मला कडक इस्त्री करून निघाला.

कापितानने त्याला दारातच अडवलं. "इथे वकील चालत नाहीत. ज्याचं भांडण त्यानेच बोलायचं."

"मी अजून वकील झालो नाही."

"मग एवढा नटून कुणाच्या लग्नाला निघालास?"

बाई आधीच बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. "बस इथे," एवढंच म्हणाल्या. म्हातारी एकटीच आत गेली. रोदेलला दरदरून घाम फुटला, आणि तो सगळा मी टिपला.

खिडकीतून तुरिंगचा आवाज आला. "पिंजरे हलवू कुठे? माझ्या कोंबड्यांना सकाळचं ऊन लागतं."

इसिंग गप्प. रोदेल उठू लागला, तर बाईंनी माझी बाही धरून त्याला खाली बसवलं. शिवण उसवली. मला फार वाईट वाटत होतं, बाहीचं नव्हे, म्हातारीचं.

मग ती हळूच बोलली. "तुरिंग, कोंबड्यांना तू रोज उन्हात काढतोस. माझ्या म्हाताऱ्याला मी कधी काढू?"



"आधी सांगायचं नाही का, नानाय?" तुरिंग पुटपुटला.

"तू कधी विचारलंस?"

पिंजरे त्याच संध्याकाळी परसात गेले. रोदेलच्या घामाने माझी दशा झालेली बघून इसिंगने मला धुवायला ठेवून घेतलं.

आता माझी कॉलर विरली आहे, बाहीला रफू आहे, तरी मी मजेत आहे. नव्या मुलांकडे माझं एकच मागणं आहे. मला घालून खुशाल बोला, पण बोलायची पाळी दुसऱ्याची असेल तेव्हा मला घेऊन गप्प बसायलाही शिका.

पिंजरे हलले त्याच्या दुसऱ्या दिवशी इसिंगने मला त्याच बोळात दोरीवर वाळत घातलं होतं. खालून बेनीतोची खुर्ची आली. माझं पाणी त्याच्या टकलावर ठिबकू लागलं, तशी इसिंग खुर्ची बाजूला घ्यायला धावली.

"राहू दे गं," तो म्हणाला. "घरात कुठे भिजायला मिळत होतं?"